मेचे अकरा दिवस

टेबलावर दिनदर्शिका पसरलीय,
एका कोपऱ्यावर मिठाची बरणी, दुसऱ्यावर त्याचा चष्मा,
नाहीतर पंखा फेब्रुवारीला मार्चात लोटतो.

"नोव्हेंबर?" तो विचारतो.
नोव्हेंबरात मागच्या दोन्ही खोल्या त्या रशियन बाईच्या.
"जानेवारी?"
जानेवारीत मांद्र्यात पाय ठेवायला जागा नसते,
तुला काय ठाऊक, तू तेव्हा बोटीवर.
"मग पावसात. पावसात आपल्याकडे कुत्रं फिरकत नाही."

पावसात तिकडे वादळं.
मापशाच्या कायतानने, ज्याच्याकडे तिकिटं मिळतात,
भिंतीवरच्या नकाशावर पेनाने भोवरे काढून दाखवले,
जून ते नोव्हेंबर, कढईत जिलब्या सोडाव्यात तसे.
मग खर्चाचा आकडा कागदावर लिहिला
आणि कागद पालथा घालून पुढे सरकवला.
त्यात नवं छप्पर झालं असतं, वर पाण्याचा पंप.

म्हणजे लोक इकडे येतात तेव्हाच तिकडेही जातात,
आणि आम्ही मोकळे होतो तेव्हा ते बेट
खिडक्यांना फळ्या ठोकत असतं.
तिथेही असेल कुणी खोल्या देणारी,
ऑगस्टवर बोट ठेवून नवऱ्याला म्हणत असेल,
गोव्याला जाऊया रे एकदा.

रोझालिन कुंपणावरून विचारते,
"काय आहे गे तिथे? माड? नीरफणस? समुद्र?
मग माझ्या परसात बसा, तिकीट मी लावते."

चोवीस वर्षं तो बोटीच्या लॉन्ड्रीत होता,
पाण्याच्या रेषेखाली, जिथे खिडकी नसते.
बार्बाडोस, सेंट लुशिया, अँटिग्वा,
पत्रांत नावं यायची, मला वाटायचं हिंडतोय.
त्याने पाहिल्या त्या चादरी.
बेटं ओळखायचा तो लोकांच्या खिशांतून सांडणाऱ्या रेतीवरून.
काळी आली की ज्वालामुखीचं,
पिठासारखी आली की पैसेवाल्यांचं,
आणि एकदाच, फिकट गुलाबी.
"कुठली ते विचारलं नाहीस?"
"कुणाला विचारू? मशीनला?"

कायतान म्हणाला, गुलाबी म्हणजे बहुतेक बार्बुडा.
तेव्हापासून हे सगळं सुरू झालं.

मी काही बोलले नाही.
मीही एकोणीस वर्षं रेतीच झाडतेय,
न्हाणीच्या जाळीतली, गादीच्या शिवणीतली,
उशीच्या अभ्र्यात कशी शिरते देव जाणे.
ती कुठली असा प्रश्नच नाही, दोनशे पावलांवरून येते.
त्या पाण्यात मी शेवटची उतरले
चवथीचा गणपती पोचवताना, पोटऱ्यांपर्यंत.

मला काय हवंय ते कुणाला सांगितलेलं नाही.
ओल्या पायांनी खोलीत जायचंय, दारात पाय न झटकता.
चहा कसा हवा, असं कुणी विचारावं
आणि मला चटकन उत्तर सुचू नये.
शेवटच्या दिवशी मात्र मी खोली झाडणार,
झाडू मागून घेईन.
तो हसेल, हसू दे.

मे सापडला अखेर.
अठरा ते अठ्ठावीस.
इकडे उकाड्याने पाहुणे पांगलेले,
तिकडे पहिलं वादळ अजून अंग धरायचंय.
जाण्यात दोन दिवस, येण्यात दोन. उरतात सात.
"सात पुष्कळ," तो म्हणतो. बोटीवर तीन तास मिळायचे,
तेही झोपेत जायचे.

फडताळात बामाची बाटली आहे,
त्यात त्याने ती गुलाबी रेती आणली होती, चमचाभर.
एका दिवाळीला रांगोळीचा रंग संपला,
मी ती कमळाच्या पाकळीत भरली
आणि दुसऱ्या सकाळी झाडूनही टाकली.
आता बाटलीत मांद्र्याचीच रेती आहे,
वर चिमूटभर कुंकू घालून हलवलेली.

बाटली बॅगेत मी ठेवीन, असं त्याला सांगितलंय.
पण आत्ता ती त्याच्या हातात आहे,
खिडकीशी जाऊन उजेडात फिरवतोय,
म्हणतो, बघ,
हा रंग आपल्याकडे नाही.