अकरावा खर्डा

ओमारूच्या बंदरावर, धान्याच्या जुन्या गोदामात माझी खोली.
खाली कधीकाळी लोकर साठवत,
दमट दिवशी भिंतींना अजून मेंढीचा वास येतो.
इथला दगड पांढरा, इतका मऊ
की नखानं खरवडला तर पीठ पडतं.
अशा गावात बसून मला काजळी रंगवायची आहे.

कादंबरी फिलिपाची. वाफेवर चालणारं शहर,
तिथं बॉयलर राखणारी एक मुलगी, वेरिटी.
प्रकाशकाची चिठ्ठी दीड ओळीची:
पितळ हवं. दंतचक्रं भरपूर. आणि वातावरण.
वातावरण म्हणजे काय, हे त्यानं माझ्यावर सोडलं.

मी चक्रं काढली.
चक्रांवर चक्रं, टोपीवर चक्र, चंद्राच्या जागी चक्र.
पितळ छापून आलं ते हळदीसारखं.
दहा खर्डे झाले.

मंगळवारी मर्डोक पिरी हीटर बघायला आला.
चाळीस वर्षं बंदरातलं इंजिन हाकलेला माणूस,
चहा उभ्यानंच पितो.
टेबलावर वाकून म्हणाला,
"ही तीन एकमेकांत अडकवलीयस.
पहिलं उजवीकडे गेलं की दुसरं डावीकडे,
मग तिसऱ्यानं जायचं कुठे?
तुझं शहर जागचं हलायचं नाही, बाई."

मी दहाही खर्डे चाळले.
एकाही चाकानं कधी काही ओढलं नव्हतं.

दक्षिणेचा वारा सुटला होता. किटली उकळत होती,
काच पांढरी झालेली.
बाहेर गाडीत त्याची कुत्री एकटी होती,
ती दिसावी म्हणून त्यानं तळहातानं काच पुसली.
पुसल्या जागेतून दिवा दिसला,
आणि पेंग्विन, अंधारात वर येणारे, घाईत,
पाळी सुटलेल्या कामगारांसारखे.
हाताच्या कडेला चार बोटं उमटलेली.
त्यातलं एक अर्धंच.
"हलू नकोस," मी म्हटलं,
पण तो कधीच हलला होता. ठसा तेवढा थांबला.

मग सगळं पान करडं.
करड्यात थेंबभर गंज.
पुसलेल्या जागेत नाव,
आणि शेवटच्या अक्षराखालून ओघळणारा एक थेंब.
त्या थेंबात माझे दोन दिवस गेले.
सरळ उतरवला तर खोटा वाटे.
खरा थेंब मध्येच थांबतो,
शेजारचा येऊन मिळेपर्यंत जड होत नाही.

प्रकाशक म्हणाला, चक्र कुठंय?
पाठकण्यावर ठेवलं, मसुराच्या दाण्याएवढं.
एकच. त्याला फिरायला जागा आहे.

रात्री फिलिपाचा फोन.
"वेरिटीची दहाही बोटं शाबूत आहेत गं.
चौथ्या प्रकरणात ती कॉन्सर्टिना वाजवते."
मी म्हटलं, बोट वाढवते, पाच मिनिटांचं काम.
पलीकडे बराच वेळ काही नाही.
मग, "नको. राहू दे. थांब जरा."

तीन आठवड्यांनी चौथं प्रकरण पुन्हा आलं.
वेरिटी आता नऊ बोटांनी वाजवते.
एक सूर दर वेळी हुकतो,
आणि धुक्यात, दोन गल्ल्या पलीकडे,
लोक त्या हुकलेल्या जागेवरून तिला ओळखतात.

पुस्तक आलं तेव्हा पिरीला एक प्रत दिली.
त्यानं उघडली नाही.
मुखपृष्ठावर आपला हात ठेवून पाहिला, बोटावर बोट.
"माझा हात एवढा लहान नाही."
"छापताना सगळं आकसतं," मी म्हटलं.
"हं," म्हणाला. कोटाच्या खिशात घातलं पुस्तक,
आणि हीटरला एक लाथ मारून जिना उतरला.