पाने

सावळघाट उतरताना तिला एस.टी. लागली.
खिडकीच्या गजाला कपाळ टेकून म्हणाली,
आमच्याकडेही अशीच वळणं, फक्त आंबे जास्त.
मुटिन्ता. झांबियाहून आलेली, वर्षभराची स्वयंसेवक.
मी तिची दुभाषी. मीही बिनपगारी.
सातपूरच्या कारखान्यात बाबांनी एकतीस वर्षं नट आवळले
आणि मला पान्याला नंबर असतो हेही ठाऊक नव्हतं.

पाड्यावरचा हापसा नऊ आठवडे बंद होता.
बाया दरीतल्या झिऱ्यावर जात,
वाटीवाटीनं हंडा भरत.
पेठहून मेकॅनिक येणार होता.
तो नऊ आठवडे येणारच होता.

पहिल्या बैठकीत मुटिन्ताच्या कागदावर
'सक्षमीकरण' सहा वेळा आलं.
पहिल्यांदा मी ते तसंच म्हटलं.
येसी भुसारे म्हणाली, "कधी मिळंल? कार्ड लागंल का?"
दुसऱ्यांदा मी म्हटलं, "म्हणजे तुमच्या हातात बळ."
चांगुणा टोपलेनं दोन्ही हात पुढे धरले,
नागलीच्या आवणीत वाकडी झालेली बोटं.
"बळ हाये की. पाना नाही."

हे मी इंग्रजीत सांगितलं.
मुटिन्तानं कागदाची घडी घातली
आणि ती पुन्हा कधी उघडली नाही.

उठून ती हापशापाशी गेली,
तळव्यानं गंज घासला. अक्षरं निघाली.
"माझ्या आईच्या गावात हाच आहे.
लहानपणी मला वाटायचं,
इंडिया हे तो बनवणाऱ्या बाईचं नाव."
हे भाषांतर करायला मला वेळ लागला,
कारण मी हसत होते, मग त्या हसल्या,
आणि झिपरीबाई म्हणाली, "मंग तिलाच बोलवा दुरुस्तीला!"

दुसऱ्या दिवशी तिनं साखळी एकदा सोडवून दाखवली,
परत बसवली,
आणि दगडावर जाऊन बसली,
दोन्ही हात मांड्यांखाली दाबून.
मी विचारलं, हे काय?
म्हणाली, आमच्याकडे एक जण आला होता लांबून.
फार छान माणूस. तीनदा पंप दुरुस्त केला त्यानं, एकट्यानं.
त्याचा फोटो अजून शाळेत आहे.
पंप चौथ्यांदा बिघडला तेव्हा फोटोच होता.

चौथा पाइप वर येताना येसीनं पकड जरा आधीच ढिली केली.
सगळी माळ वीतभर खाली घसरली.
एक किंकाळी. मुटिन्ता अर्धी उठली.
मी पाहिलं, अर्धी उठली
आणि पुन्हा बसली, हातांवर.
झिपरीबाईनं पकडीचा दांडा पोटाशी आवळून धरला,
शिव्या देत, कोणाला ते कळलं नाही.
मी त्यांचं भाषांतर केलं नाही.

सातव्या पाइपाखाली सिलिंडर निघालं.
आत चामड्याचं वॉशर,
जुन्या वहाणेच्या अंगठ्यासारखं झिजलेलं.
चांगुणानं ते उन्हात धरलं.
"एवढ्याशा चकतीपायी नऊ आठवडे?"
कोणी काही बोललं नाही.
मग सगळ्या एकदम बोलायला लागल्या.

पाणी आलं ते आधी तांबडं, मग गढूळ, मग पाणी.
टाळ्या कोणी वाजवल्या नाहीत.
हंड्यांची रांग लागली
आणि नंबरावरून भांडण, रीतसर.

मुटिन्ता जूनमध्ये गेली.
गंगापूर रोडच्या कचेरीत मी चाळीस पानांचा अहवाल टाइप केला.
लाभार्थी: दोनशे बारा. स्वयंसेवक: एक.
तिथे अडले म्हणून येसीला फोन लावला.
ती नव्हती. खालच्या पाड्याला गेली होती
चांगुणाला घेऊन, लुगड्याच्या फडक्यात दोन पाने गुंडाळून.
रात्री तिनंच फोन केला.
"पैसे देतात का गं?"
"हात धुवाया पाणी देत्यात," म्हणाली. "आमीच काढल्यालं."

मी 'एक' खोडलं. नावं लिहिली.
साहेब म्हणाले, या तर लाभार्थी आहेत, दोनदा कशा मोजायच्या?
त्या रकान्याचं काय झालं मला माहीत नाही.

घरी जेवताना बाबांना सगळं सांगितलं.
पाडा, पाइप, झिपरीबाईच्या शिव्या.
त्यांनी घास थांबवून एवढंच विचारलं,
"कितीचा पाना?"
"सतरा-एकोणीस," मी म्हटलं.
त्यांनी मान हलवली
आणि माझ्याकडे भाकरी सरकवली.