वाळू फुकट आहे

डुंगाच्या काठावर ओकेलोने पेटी मांडली:
काचेचं झाकण, आत तीन जाळ्या,
ओमेना मासळी दुपारपर्यंत कडकडीत.

"छान!" म्हणाल्या सगळ्या.
वहीत तेवीस वेळा छान.

आविनो तसं काही म्हणाली नाही.
झाकण उचललं, पडू दिलं.
"सर आली की ही आत कोण ओढणार?
मी एकटी असते."
मग कमरेच्या लेसोची गाठ सोडली,
नोटा मोजल्या, दोनदा,
आणि पुन्हा बांधून टाकल्या.
"वाळू फुकट आहे, लेका."

रात्री त्याने तेवीस छान खोडले.
गाठ सुटली होती,
एवढंच लिहिलं.
पेटी मासळीच्या तराजूवर चढवली:
एकोणीस किलो.

कंदील हलवत
करवत शोधू लागला.