चौतीस इंच

नटापासून घोडीपर्यंत चौतीस इंच.
शेडमधली पोलादी टेप लावून तीनदा मोजलं,
कारण पहिला सेट आखूड निघाला.
खुंटीला गुंडाळलं जायचं ते लाल रेशीम
उतरलं होतं थेट पट्टीवर, पहिल्या सुराच्या जागेत,
वाढत्या पोरीच्या कोपराशी आलेली बाही जशी.
पाकीट फोडलं की परत नाही, दुकानदार म्हणाला.
त्या चार तारांनी आता टाकीचं झाकण बांधलंय.
दुपारचा वारा सुटला की गच्चीवरून
काहीतरी ए-सारखं ऐकू येतं.

मग प्रश्न: गोल गुंडाळणीच्या की चपट्या?
गोल तारा बोलक्या. लग्नात जनरेटर, ताशे,
वऱ्हाडातली भांडणं, सगळ्याच्या वर येतात.
चपट्या म्हणजे गालात सुपारी धरून बोलणारं माणूस,
थोडं बोलतं, उशिरा बोलतं, खालून बोलतं.
मी गोलच घेणार होते.

बंकट मिस्त्रीने नमुन्याच्या तारेवरून नख ओढलं. कर्रर्र.
"ही तार नाही वं, कानस आहे.
माह्या शिसवावर कानस चालवू राह्यली का तू?"

माह्या शिसवावर!
गिटार माझी, हप्ते माझे,
पट्टी मात्र अजून त्याची.
त्यानेच पकडीने उपटले होते वीसच्या वीस पडदे,
खाचांत बसवल्या हळदूच्या पिवळ्या चिपा,
घासून, पुसून, तळहात फिरवून विचारलं होतं,
"आता तुले कसं कळीन कुठी थांबायचं?"
कळेल, म्हणाले.
तेव्हा कळत नव्हतं.

चपट्या घेतल्या. दोन लग्नांचं मानधन गेलं.
सगळ्यात जाड तार इंचाच्या दहाव्या भागाहून केसभर जास्त,
हे मी फीलर गेजने बघितलं. सवय, दुसरं काय.

भुसावळात मे महिन्यात लाकूडही सावली शोधतं.
म्हणून रात्री दहानंतर, कूलर बंद करून,
एक काढायची, एक चढवायची.
चारही एकदम काढल्या तर मान मोकळी होते
आणि मोकळी मान परत ऐकत नाही.
खुंटीच्या पुढे वीतभर सोडून आधी वाकवायची,
कच्चकन काटकोनात, मगच कापायची,
नाहीतर आतल्या गाभ्यावरची गुंडाळणी सैल पडते
आणि तार आयुष्यभर तोतरी.
टोक भोकात. फेरे खाली खाली.
पातळीला तीन, जाडीला दोन पुरे.
या वेळी रेशीम नटाच्या पलीकडे राहिलं.
मी एकटीच हसले.

मग तळव्याने ओढायची, ती उतरते.
परत चढवायची, परत उतरते.
झिपरू कीबोर्डवाला याला वेळेचा अपव्यय म्हणतो.
त्याच्या सुरांना कळा असतात, तो दाबतो आणि सुटतो.

साडेअकराला क्वार्टरमागच्या शेडमध्ये
कुठल्यातरी इंजिनाचा ट्रान्सफॉर्मर गुणगुणत होता.
अकरा वर्षं तो माझ्या कानात आहे,
भाकरी थापताना, रजेवर, तापात सुद्धा.
डीच्या तारेवर हळदूच्या पाचव्या रेघेवर बोट ठेवलं.
जी. बरोबर जी. ट्यूनर हिरवा.
तरी भिंतीपलीकडचा तो जरा वरच.
बोट सरकवलं, रेघ सोडून,
पाव इंच,
अर्धा,
आणि थरथर थांबली.
दोन आवाजांचा एकच झाला,
टेबलावरची पकड हलायची बंद झाली.
ट्यूनर लाल.

किती वेळ तसं धरून बसले ते माहीत नाही.
बोटाच्या पेरावर खाच नव्हती, चपटी तार खाच पाडत नाही.

दहा तारखेला फैजपूरला लग्न आहे.
झिपरू शेजारी असेल. तिथे अर्धा इंच मागे येईन.
सकाळी बघते, ई किती उतरलीय.