औटकी

घोरपडे मास्तरांनी औटकी पाठ करून घेतली होती.
साडेतीन, सात, साडेदहा,
चुकलं की डस्टर, तेही लाकडी बाजूने.
ही कुठे लागते, असं कुणी विचारलं नाही.
एकोणतीस वर्षांनी, बहरीनमध्ये, हिद्दच्या कारखान्यात
ती मला रात्रपाळीला भेटली:
पुस्तकातला समुद्र औटकीचा आहे.
शंभर भागांत साडेतीन भाग मीठ.

इथला नाही.
इथला सव्वाचार, ऑगस्टात आणखी थोडा वर,
कारण ऊन पाणी उचलतं आणि मीठ इथेच ठेवतं,
घर सोडताना भाडेकरू
जड कपाट ठेवून जातो तसं.

पाण्याचा स्वभाव साधा आहे.
गोडं पाणी खाऱ्याकडे जातं.
मध्ये पातळ पडदा धरा, तरी जातं.
त्याला अडवायला किती जोर लागेल
ते एका ओळीच्या सूत्रात आहे,
आणि त्या जोराला अक्षर दिलंय पाय.
वर्तुळातला पाय, तोच, तसाच काढायचा.
वर्तुळाशी याचा काही संबंध नाही.
एका आडनावाची दोन घरं,
लग्नाची पत्रिकासुद्धा जात नाही.

इथल्या पाण्याचा पाय येतो बत्तीस.
आम्ही अडुसष्ट लावतो. पंप ओरडतो.
पाणी मनाविरुद्ध गोडं होतं.

परवा रात्री दोनला आकडे भांडले.
वही म्हणाली, अडुसष्ट पुरे.
मीटर म्हणाला, शहात्तर, आणि चढतच राहिला.
शाजी म्हणाला, मीटर खोटं बोलतोय.
पेवेकरांनी दुसरा लावला. तोही तेच बोलला.
मी सूत्र पुन्हा मांडलं, तापमान बदलून पाहिलं.
बत्तीस. फार तर साडेबत्तीस.
गणिताचं एक बरं आहे, ते भिजत नाही.
त्या रात्री तेच नडलं.

मग घानिम, ज्याला निवृत्तीला चार महिने उरलेत,
समुद्राकडच्या जाळीपाशी गेला
आणि बादलीभर पाणी घेऊन आला.
नाक लावलं. म्हणाला,
याच्या अंगात कणकण आहे.
काचेत धरलं तर कोऱ्या चहासारखं.
एक थेंब भिंगाखाली:
शेपटीवाले लाल जीव, गर्दी करून,
पडद्याला चिकटायला निघालेले.
सूत्रात त्यांच्यासाठी अक्षरच नव्हतं.

गाळण्या धुवायला दीड तास लागला.
तेवढ्यात घानिमने आजोबांचं सांगितलं.
मोत्यांच्या गलबतावर प्यायचं पाणी संपलं
की ते कातड्याची पिशवी घेऊन बुडी मारायचे.
तळाशी गोडे झरे होते, खाऱ्या समुद्राच्या पोटात.
तोंड झऱ्यावर धरायचं, मग उघडायचं,
पिशवी आपोआप फुगायची.
दाब खालून यायचा.
किती, ते कुणी मोजलं नव्हतं.
का, तेही ठाऊक नव्हतं.
पिशवी मात्र एकदाही गळली नाही,
शिवणारा हात पक्का होता.

आणि आता? शाजीने विचारलं.
घानिमने जमिनीकडे बोट दाखवलं.
विहिरी खोदल्या, पंप आले,
झरे आटले.
आटल्यावर ते कुठून येत होते
याचा नकाशा छापून आला. सुंदर, रंगीत.
तो त्याच्या घरी भिंतीवर आहे.

पाचला काटा सत्तरवर उतरला.
मुहर्रकमध्ये कुणीतरी नळ सोडून
दात घासत उभं असेल, आरशात बघत.

नोंदवहीत मी पट्टीने एक नवा रकाना आखला,
दाब, क्षार, तापमान यांच्या शेजारी.
वर पेन्सिलीने लिहिलं: घानिमचं नाक.
पहिली नोंद: कणकण.
पेवेकरांनी पाहिलं. खोडलं नाही.

सकाळच्या पाळीला नवीन मुलगी आली, परीक्षेत पहिली आलेली.
तिने वही वाचली, खालपर्यंत, नीट.
मग पेनाचं टोपण काढून मला विचारलं,
याचं एकक काय लिहू?