डावीकडच्या दाढा

इंदोऱ्यात, शिंप्याच्या दुकानावरच्या खोलीत
जवसाच्या तेलाची बाटली उघडली
की मला दर वेळी भाकर आठवते.
घरी ह्याच जवसाची चटणी, लसूण घालून.
इथे त्यात म्हातारा कालवायचा.

म्हातारा डच. साडेतीनशे वर्षांपूर्वीचा.
फुलझेले मॅडमनी त्याची छापील प्रत
चिमटा लावून दोरीवर टांगली आहे
ओल्या पायमोज्यासारखी.
"स्वतःचं काही नको टाकू अजून," त्या म्हणाल्या,
"त्याचं पाहून कर. नुसतं पाह्य."

दोन रविवार फक्त करडं.
मग गेरू, मग जळकी माती,
आणि थर वाळायची वाट.
पंचेचाळीस डिग्रीत सगळं वाळतं,
कपडे, कुरड्या, बोलणं.
रंग मात्र आपल्याच मनाने.

नाक आलं. डोळे आले, पाचव्यांदा.
डावा गाल येईना.
मी त्याला दुःख दिलं. मॅडमनी चिंधीने पुसलं.
थकवा दिला. पुसला.
थोडं मोठेपण देऊन पाहिलं
तर त्या हसल्याच :
"काहून नाटकं करून राहिली वं?"

सोमवार ते शनिवार मी मेडिकलला कवळ्या बनवते.
दातांच्या सोळा छटा मला झोपेतही सांगता येतात,
चहाच्या वेगळ्या, खर्ऱ्याच्या वेगळ्या.
एका मंगळवारी भंडाऱ्याची एक बाई
माप द्यायला समोर बसली, तोंड मिटून.
गालाच्या हाडाखाली
तीच हिरवट सावली.
हातातलं मेण तसंच गार झालं.

त्या रविवारी मी म्हाताऱ्याच्या चेहऱ्यात
दुःख शोधलंच नाही.
वरच्या चार दाढा गेलेल्या,
खालच्या बहुतेक दोन.
(आरशात बघून काढलंय,
म्हणजे खरं तर उजव्या.)
चावतो दुसऱ्या बाजूने, म्हणून तिकडचा जबडा भरलेला.
हिरवी माती, चिमूटभर निळं,
ओठाच्या कोपऱ्याला कोरडा ब्रश.

मॅडम बराच वेळ मागे उभ्या.
"कसा काय आला?"
"दाढा नाहीत त्याला," मी म्हटलं.

त्या काही बोलल्या नाहीत.
फक्त त्यांची जीभ
आतून गालाशी जाऊन आली,
जिथे त्यांचीही एक नसावी.
खाली शिंप्याचं मशीन सुरू झालं.
मी ब्रश पुसत होते,
आणि त्यांच्या गालावरचा तो रंग
कशात काय मिसळून होईल
ते मोजत होते.