शेरा

रजिस्टरात रकाने सात.
नाव, वय, गाव, तक्रार, उपचार, सही,
आणि शेवटचा, शेरा, जो कोणी भरत नाही.
तिथे मी पेन्सिलीने हवा लिहिते.
आभाळ. उकाडा. धुकं, नऊपर्यंत.

सुरुवात रायबाई नैतामपासून झाली.
मे महिना, तेंदूची फळी चालू,
उपकेंद्राचा पत्रा एवढा तापलेला
की भिंतीवरची पाल उतरून माठाखाली बसलेली.
छाटलेल्या झुडपाचा खुंट तिच्या टाचेत शिरला होता, बोटभर.
भूल द्यायचं औषध संपून दहा दिवस झालेले.
म्हटलं, कोणाला तरी बोलाव, हात धरायला.
"कोनाले बोलावू? समदे रानात हायेत. शिव तू."
मी टाके घालत होते, पाच,
ती ओठांतल्या ओठांत पुडे मोजत होती,
सत्तर पानं, सत्तर पानं.
चौथ्या टाक्याला थांबली. वाटलं, आता ओरडेल.
"घरचा वाक सरला वाटते," म्हणाली.
आणि लंगडत निघाली भर तपनीत,
फळी पाचला बंद होते म्हणून.

तीच रायबाई पौषात.
बोटात कुसळ. धानाचं, साधं.
स्पिरिटचा बोळा टेकवला मात्र,
"माय वो" म्हणून अशी रडली
की बाहेर लशीसाठी आणलेली पोरं
आयांच्या पदराखाली गेली.
मी हसले. मग तिच्या तोंडाकडे पाहिलं.
"त्या दिवशी कशी गं बसली होतीस?"
नाक पुसत म्हणाली,
"तपनीत दुखनं घामासंगं निंगून जाते जी.
थंडीत थे जाईन कुठी?"

दौऱ्यावर आलेल्या डॉक्टरांना विचारलं.
"हवेचा दाब, सिस्टर. नसा आखडतात,"
स्वेटरची चेन गळ्यापर्यंत ओढत म्हणाले,
"बाकीचं मनाचं."
तेही मी लिहून ठेवलं.

देवाजी कुमरे तर गोळी घ्यायला येतच नाही.
भादव्यात, आभाळ चार दिवस हललं नाही की
गुडघा घेऊन येतो, बाकावर ठेवल्यासारखा ठेवतो.
"रातभर बोलला बेटा. उद्या दुपारी येते पानी."
येतं.
कधी नाही आलं तर तो गुडघ्यावर रागावतो,
माझ्यासमोर, नाव घेऊन.

पण मला पटत होतं आणि नव्हतं.
पौषात धान घरात आलेलं असतं.
शेजारच्या गावी रात्रभर नाटक,
लोक चटया, घोंगड्या घेऊन जातात,
पडद्यापुढच्या खोट्या मरणाला पहाटेपर्यंत रडतात,
आणि सकाळी डोळे सुजवून माझ्याकडे, खोकल्याला.
रडायला वेळ लागतो. बसायला जागा लागते.
मेमध्ये दोन्ही कुठे होतं?
ती कुसळासाठी रडली नसेल.
ते पाच टाके तेव्हा दुखले असतील,
आठ महिन्यांनी,
शेकोटीची राख अजून पायाला लागलेली असताना.

औषधांची मागणी पाठवायची होती.
भूल द्यायच्या बाटल्या, डिसेंबरला दुप्पट.
कारण: थंडीत जास्त दुखतं.
कागद तालुक्याहून परत आला, कारणाभोवती लाल गोल.
दुसऱ्यांदा लिहिलं, साठा संपला.
बाटल्या आल्या, मार्चात.

आता कपाटात उभ्या आहेत ओळीने.
मोह गळायला लागलाय, सकाळी आठलाच ऊन चावतं.
रायबाई टोपली डोक्यावर घेऊन दारावरून चालली होती.
मी आतून ओरडले, टाच कशी आहे?
ती थांबली, मान न वळवता.
"कोनती?"